टॉर्किल मॅकआयव्हरची गेलिक

इंग्रजीतल्या प्रत्येक उनाड शब्दाचे आईबाप कोण, हे टॉर्किल मॅकआयव्हरला ठाऊक होतं. पुस्तकातले सभ्य शब्द त्यानं मोठ्या मनानं इंग्रजांना देऊन टाकले होते. पण गुत्त्यात, गोदीत, फुटबॉलच्या मैदानाबाहेर जे काही बोललं जातं ते सगळं आमच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या बेटांवरच्या, गेलिक भाषेतून चोरलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. आणि हे म्हणणं ऐकवल्याशिवाय तो कुणाला सुखानं मासळीसुद्धा घेऊ देत नसे. मासळीचं म्हणते, कारण डम्बार्टन रोडवरच्या मासळीच्या दुकानात मी विकायला उभी असते. मी डोलिना. लुइस बेटावर जन्मले, लग्न करून ग्लासगोत आले, नवरा गेला तरी इथेच राहिले. टॉर्किल आणि त्याची आई मार्सलीमावशी माझ्याच जिन्यावर, माझ्या वरच्या मजल्यावर राहत.

शनिवारी दुकानात ही रांग लागलेली, हाताला हेरिंग माशांचा वास, आणि एखादी पोरगी सहज बोलून जायची की हेरिंग आज स्मॅशिंग दिसतायत. झालं. टोपी मागे सरकवून हा पुढे यायचा. 'स्मॅशिंग' म्हणजे आपलं 'स मा शिन', म्हणजे 'ते छान आहे', आपल्या सैनिकांच्या तोंडून इंग्रजांनी उचललं, आणि आता तोंड वर करून स्वतःचं म्हणून मिरवतात. पोरगी बिचारी मान हलवायची. तिला हेरिंग हवे असायचे, वंशावळ नको असायची.

आता व्हिस्की आमची, हे शेंबडं पोरही सांगेल. ट्राउझर आमची. स्लोगनसुद्धा आमचंच, लढाईतली हाक होती ती. एवढ्यावर थांबला असता तर मीही हो म्हटलं असतं. पण याला थांबणं माहीत नव्हतं. लंडनच्या चोरांची भाषा आपली, अमेरिकेतल्या जुगाऱ्यांची आपली, खलाशांच्या शिव्या तर सगळ्या आपल्याच. नोकरी काय, तर बसमधला तिकीट तपासनीस. पण तिकीट बघतानाही उतारूला विचारायचा, तुम्ही आत्ता जो शब्द वापरलात तो कुठून आला माहीत आहे का. लोक एक स्टॉप आधी उतरायचे.

वर्तमानपत्राला पत्रं पाठवायचा. एकदा छापून आलं, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याचा फोटोच आला, टोपी काढलेला, आणि खाली 'गेलिकचे जाणकार' असं लिहिलेलं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात हवा गेली ती गेलीच. जिन्यात भेटला तरी आधी खाकरायचा.

आणि या जाणकाराला गेलिक येत नव्हती. थोडीफार येत होती, मोडकीतोडकी येत होती, असं नाही हो. अजिबात येत नव्हती. शब्दकोशातले सुटे सुटे शब्द पाठ केलेले, ते खिशातल्या गोळ्यांसारखे एकेक काढून दाखवायचा. कुणी सलग दोन वाक्यं बोललं की याचा चेहरा कोरा. मला हे कसं कळलं ते सांगते. एकदा दुकानात त्याच्या हातात पुडी देताना मी हसून, अगदी गोड आवाजात, आमच्या भाषेत म्हटलं की तुझ्यासारखा गाढव मी दोन्ही किनाऱ्यांवर पाहिला नाही. त्यानं मान तुकवली आणि इंग्रजीत म्हणाला, "अगदी बरोबर, डोलिना, अगदी बरोबर." रांगेत मागे हॅरिसची, आमच्याच बेटांकडची, एक बाई होती. तिला हसू आवरेना, पिशवी तोंडाशी धरून ती बाहेर पळाली.

मार्सलीमावशी मात्र वेगळ्याच मातीची. माझ्याच बेटावर जन्मलेली, तरुणपणी हेरिंग कापत बंदराबंदरातून फिरलेली, बोटांवर सुरीचे वळ तसेच राहिलेले. मग ग्लासगोत मोठ्या घरी कामाला आली, लग्न केलं, नवऱ्याला पुरलं. इंग्रजी ती कामापुरती बोलायची, पाहुण्याच्या घरात बसल्यासारखी अवघडून. मुलाशी मात्र मी तिला कधी इंग्रजीशिवाय बोलताना ऐकलं नाही. माझ्याशी बोलताना ती मोकळी व्हायची, जीभ अशी सैल सुटायची की खालच्या मजल्यावर ऐकू यावं.

रोज संध्याकाळी तिच्याकडे 'पुस्तक घेतलं' जायचं. आमच्या बेटावर घराघरात हीच रीत. जेवणाआधी घरच्या कर्त्यानं बायबल उघडायचं, एक अध्याय वाचायचा, एक स्तोत्र गायचं. आमच्या गाण्याला वाद्य नाही. एकानं ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. अर्थ कळो न कळो, शेजारच्याच्या मागून सूर लावता येतो. लहान मुलं तशीच तर शिकतात. कुणी ओळ दिली आणि ती कुणी उचललीच नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मावशीचा नवरा गेल्यावर ते काम टॉर्किलकडे यायला हवं होतं. पण त्याला रोज त्याच वेळी डेपोत काहीतरी निघायचं, नाहीतर डोकं दुखायचं. मग मी वर जायची, मावशी स्वतःच वाचायची, स्वतःच ओळ द्यायची, मी उचलायची. आणि पलीकडच्या खोलीत गेलिकचे जाणकार रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत बसायचे.

नवी नाणी येणार म्हणून सगळीकडे गोंधळ चाललेला, त्या हिवाळ्यात मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना मी तिचा हात धरला होता, पण सुरुवातीचे दिवस वॉर्डात फक्त घरच्यांना सोडत. म्हणून मी जिन्यात टॉर्किलची वाट बघायची, आणि तो येऊन सांगायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, वाचली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, बोलतेय, पण इंग्रजी पार गेलंय. मी म्हटलं, मग काय झालं, तिची स्वतःची भाषा आहे ना. त्यावर तो नुसता खाकरला आणि वर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलं की आईचं डोकं गेलंय. काहीबाही बरळते, जेवण ढकलून देते, नर्सच्या अंगावर चहा सांडते. डॉक्टरांनी कागद केलेत, शुक्रवारी तिला टेकडीवर हलवणार. टेकडीवर म्हणजे शहराबाहेरची ती मोठी दगडी इमारत, वेड्यांचं इस्पितळ. तिकडे गेलेलं माणूस आमच्या भागात परत आलेलं कुणी पाहिलेलं नाही. मी विचारलं, बरळते म्हणजे नेमकं काय म्हणते? हा भिंतीकडे बघत म्हणाला, त्यात अर्थ असा काही नाही.

आता वॉर्डात बाहेरच्यांना सोडू लागले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ॲप्रनवरच कोट चढवला आणि गेले. मावशी उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस का गं पोरी? इतके दिवस कुठे होतीस? यांना सांग, मला चहा नको. रोज संध्याकाळी मी त्याला म्हणते, पुस्तक घे, आणि तो माझ्यासाठी चहा मागवतो." शब्द जड येत होते, पण एकही चुकीचा नव्हता. मग तिनं विचारलं, माझी कोंबडीच्या पिसांची उशी कुणी घेतली नाही ना, आणि तुझ्या गुडघ्याचं काय झालं. माझ्या गुडघ्याचं! डोकं गेलेली बाई दुसरीच्या गुडघ्याची चौकशी करते का?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आई बोलली ते याला कळेना, संध्याकाळी काहीतरी मागतेय एवढंच दिसे, म्हणून चहा मागवायचा. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही तर पेपरातले ते जाणकार, आई काय म्हणतात? आता 'मला येत नाही' म्हणायला जीभ झडली असती का मेल्याची? पण नाही. मला कळत नाही, म्हणजे ते गेलिकच नाही, म्हणजे आईच खुळी झाली. इतका सरळ हिशेब. त्या शहरात बेटांवरच्या नर्सांची काय कमी होती? एरवी शेजारच्या वॉर्डातून एखादीला बोलावून घेतलं असतं. पण खुद्द मुलगा एवढा विद्वान म्हटल्यावर कोण कशाला बोलावतंय.

मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरकडे गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुमचं प्रेम मला समजतं, पण मुलानं स्वतः सांगितलंय, उद्या संध्याकाळी डॉक्टर येतील तेव्हा बोला. माझ्या कोटाला हेरिंगचा वास येत होता आणि त्याचा फोटो पेपरात आला होता. तिनं कुणाचं ऐकावं?

त्या दिवशी मी टॉर्किलला जिन्यात गाठलं. म्हटलं, उद्या डॉक्टरला एवढंच सांग की मला गेलिक येत नाही. बाकीचं मी बघते. तो आधी हसला. मग म्हणाला की आईची बोली फार जुनी आहे, तुला भास होतोय. मी म्हटलं, तिनं माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं, तोही भासच का? तेव्हा त्याचा रंग उडाला. खिडकीच्या कठड्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "शनिवारी हॉलमध्ये माझं व्याख्यान आहे, डोलिना. भिंतींवर कागद लागलेत. आता मी काय तोंड दाखवू?"

"टॉर्किल, ती तुझी आई आहे."

"तिथं तिची देखभाल चांगली होईल," तो म्हणाला. हे असलं वाक्य ज्या तोंडातून बाहेर पडलं त्या तोंडाकडे मी बघत राहिले. तिथेच त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती, पण हातात मासळीची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर आले. डॉक्टर प्रेंटिस, एडिनबरोचे, तरुण, नीट भांग पाडलेले. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला टोपी हातात घेऊन टॉर्किल, मधे मावशी. मी सांगितलं की या बाईचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी टॉर्किलकडे पाहिलं. तो म्हणाला की या बाई शेजारी आहेत, मायाळू आहेत, पण भाषेचा असा अभ्यास नाही त्यांचा. माझा अभ्यास नाही! मी जिच्यात जन्मले, जिच्यात नवऱ्याशी भांडले, जिच्यात त्याला मूठमाती दिली, तिचा मी अभ्यास करायचा होता! मी तोंड उघडलं. आता याला इथेच उघडा पाडायचा, एकच वाक्य बोलायचं आणि म्हणायचं, सांग बघू याचा अर्थ.

तेवढ्यात मावशीनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पकड हेरिंग कापणारीची होती. म्हणाली, "गप्प बस, डोलिना. चार माणसांत त्याचा पाणउतारा करू नकोस. त्याचा काही दोष नाही, मीच त्याच्या तोंडातून भाषा काढून घेतली. शाळेच्या पहिल्याच वर्षी पोरांनी 'च्युख्टर' म्हणून त्याचं नाक फोडलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही आपल्या भाषेत."

च्युख्टर म्हणजे आमच्यासारखा डोंगरी, बेटावरचा गावंढळ. ग्लासगोत ही शिवी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली आहे. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, जगातल्या सगळ्या उनाड शब्दांचं मूळ सांगणाऱ्या या माणसानं या एका शब्दाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, मावशी, ते तुला टेकडीवर धाडतायत. ती म्हणाली, धाडू देत.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतायत त्या? मी काय सांगणार? सांगावं तर तिचा शब्द मोडतो, न सांगावं तर ती जाते. मी मावशीचं पांघरूण सारखं करत राहिले. आणि टॉर्किलनं मान हलवली, दुःखी चेहरा केला आणि म्हणाला, "ऐकलंत ना, डॉक्टर? नुसतं असंबद्ध."

आई त्याची अब्रू झाकत होती आणि हा तिच्या तोंडावर तिला वेडी ठरवत होता. असला नतद्रष्ट मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हाच चहाची गाडी आली. पोरीनं रोजच्यासारखा एक कप मावशीच्या पुढ्यात ठेवला, दोन चमचे साखर घालून, मुलानं सांगून ठेवलं होतं तसा. मावशीनं कप बाजूला सारला. संध्याकाळ झाली होती, पुस्तकाची वेळ. तिनं टॉर्किलकडे पाहिलं, डोळे मिटले आणि ओळ दिली. शेचाळीसावं स्तोत्र, आमच्या गावची चाल. ओढलेल्या तोंडातून शब्द अडखळत येत होते, पण गाताना तिची जीभ बोलण्यापेक्षा बरी चालत होती. ओळ संपली आणि ती थांबली. आम्ही सगळे थांबतो तशीच, समोरच्यासाठी.

तिला त्याचाच आवाज हवा होता. लहानपणी चर्चमध्ये तो तिच्या मांडीशी बसून हीच चाल शेकडो वेळा ऐकत आला होता. अर्थाची गरजच नव्हती, नुसता सूर लावायचा होता. मी मुद्दाम ओठ मिटून धरले. मनात म्हटलं, हो पुढे. आता तरी हो. त्याचा गळा हलला, मला दिसलं. आणि मग त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, आणि टोपीची कड चाचपत राहिला.

ओळ तशीच हवेत राहिली. मग खिडकीपाशीच्या खाटेवरून कुणीतरी ती उचलली. स्काय बेटाची बेटनबाई, कंबरेचं हाड मोडून सकाळीच त्या वॉर्डात आली होती. पाय बांधलेला, उठता येत नव्हतं, पण आवाज असा की खिडक्यांची तावदानं हलावीत. मावशीनं डोळे उघडले नाहीत, दुसरी ओळ दिली. यावेळी मीही उचलली. मला रडू येत होतं, तरी उचलली.

स्तोत्र संपेपर्यंत डॉक्टर प्रेंटिस हलले नाहीत. मग बेटनबाईच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं की त्या बाई काय म्हणत होत्या. बेटनबाई म्हणाली की शेचाळीसावं स्तोत्र, शब्द न शब्द बरोबर, आमच्यातलं लहान मूल ओळखील. आणि त्याच्या आधी त्या मुलाबद्दल बोलत होत्या, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्यांच्या घरचं आहे. डॉक्टर परत आले. टॉर्किलसमोर उभे राहिले. "मिस्टर मॅकआयव्हर," ते म्हणाले, "तुम्हाला हे ओळखू आलं नाही?"

टॉर्किल म्हणाला की उच्चार फार जुन्या वळणाचे होते.

डॉक्टरांनी हातातला कागद दुमडून खिशात घातला आणि सिस्टरला सांगितलं की मिसेस मॅकआयव्हर टेकडीवर जाणार नाहीत. मावशीनं मला विचारलं, काय म्हणाला गं तो? मी सांगितलं, तू घरी येतेस. तिनं मुलाकडे बघितलं. तो उभा, घामाघूम, टोपीचा पार चोळामोळा झालेला. तशीच ती मला म्हणाली, "तो चहा त्याला दे. इतके दिवस मागवतोय, त्यालाच हवा असेल." मी कप त्याच्या हातात दिला. त्यानं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, चहा पी म्हणाली. त्यानं तो थंड झालेला, गोड चहा सगळ्यांसमोर उभ्यानं प्यायला.

शनिवारी हॉलमध्ये व्याख्यान झालंच. वाटलं होतं, लाजून रद्द करील. छे! टाळ्या पडल्या म्हणे.

मावशी घरी आली आणि मे महिन्यापर्यंत जगली. मी रोज संध्याकाळी वर जायची. पुस्तक मी धरायची, ओळ ती द्यायची. पलीकडे रेडिओ चालूच. एवढं खरं की हळूहळू त्याचा आवाज बारीक व्हायला लागला होता. बारीक झाला म्हणून बंद झाला असं मात्र नाही. शेवटच्या आठवड्यात तिनं मला निरोप दिला. म्हणाली, मी गेले की त्याला सांग, ती भाषा त्याचीच होती, मी भ्याले म्हणून त्याला दिली नाही, त्यानं मला माफ करावं. तिनं त्याच्याकडे माफी मागावी! मी दातावर दात दाबून हो म्हटलं.

अंत्यविधीच्या वेळी घर माणसांनी भरलं होतं. चर्चच्या वडीलधाऱ्यानं ओळ दिली, सगळ्यांनी उचलली, जिना दुमदुमला. टॉर्किल शवपेटीच्या डोक्याशी उभा होता आणि तोंड उघडत-मिटत होता. आवाज मी शेजारी उभी राहून ऐकला, म्हणजे ऐकला नाही. काहीच येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो दुकानात आला. काळी टाय, नवी टोपी. माझ्यापुढे दोन बायका होत्या, त्यांना कुठल्याशा शब्दाचं मूळ सांगून मोकळा झाला. मग म्हणाला, चार हेरिंग दे, ओटच्या पिठात घोळवायला, आई करायची तसे. मी हेरिंग निवडले. कागदात बांधताना आईचा निरोप त्याला दिला. जसाच्या तसा, तिच्याच शब्दांत, तिनं ज्या भाषेत दिला त्या भाषेत. ती भाषा तुझीच होती, टॉर्किल. मी भ्याले म्हणून तुला दिली नाही. मला माफ कर.

त्यानं पुडी घेतली, मान तुकवली. "अगदी बरोबर, डोलिना," म्हणाला, "अगदी बरोबर." आणि टोपी सारखी करत निघून गेला.

लोक म्हणतात, इंग्रजीत सांगायला काय झालं होतं तुला. का सांगू? विचारू दे ना त्याला. एवढ्या शब्दांचा अर्थ जगाला सांगत हिंडतो, एकदा येऊन म्हणावं, डोलिना, त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही. त्याच क्षणी सांगेन, दुकान बंद करून सांगेन. दर शनिवारी येतो, हेरिंग घेतो, जातो. अजून विचारलेलं नाही.